फडातल्या बाळांचे डोस: साखर कारखान्यांच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व संचालक मंडळ,
राज्यातील सर्व सहकारी आणि खासगी साखर कारखाने

सन्माननीय अध्यक्षसाहेब आणि संचालक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या तुमच्या चिटबॉयला रोज सकाळी जे माहीत असायचं, ते मला नोकरीच्या एकतीस वर्षांत कधी वेळेवर कळलं नाही. आज ऊसतोड्यांची कोणती टोळी कोणाच्या रानात आहे, उद्या कुठं हलणार, टोळीत किती कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या, मुकादम कोण, त्याचा फोन नंबर काय. तोडलेला ऊस काट्यावर येईपर्यंत वाळू नये, साखरेचा उतारा घटू नये म्हणून तुमच्या शेतकी विभागानं ही व्यवस्था बसवली आणि ती चोख चालते. मी कृष्णाकाठच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. दिवाळी झाली की माझ्या हद्दीत तीन-चार ठिकाणी कोप्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या, उभ्या राहायच्या. कोणत्या कोपीत लस द्यायचं दीड महिन्याचं बाळ आहे, हे मला कळायचं ते बहुतेक वेळा टोळी हलून गेल्यावर.

म्हणून हे पत्र तुम्हांला. आरोग्य खात्याला जे सांगायचं ते मी नोकरीत असताना बैठकांतून सांगत आले, आता निवृत्त झाल्यावर तेच पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. तुमच्याकडं मात्र अशी एक गोष्ट आहे जी खात्याकडं नाही, आणि ती द्यायला तुम्हांला फारसा खर्चही येणार नाही.

आधी हंगाम आणि लसीचं वेळापत्रक कसं एकमेकांना आडवं जातं ते सांगते. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि काविळीची सुई. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट, सोबत पोलिओ आणि रोटाचे थेंब. न्यूमोनियाची लस मधूनमधून. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला, आणि सोळा ते चोवीस महिन्यांत त्याचा दुसरा डोस व ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर. आता 15 ऑगस्टला बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या एखाद्या वाडीत जन्मलेलं बाळ धरा. पहिली पेंटा सप्टेंबरच्या शेवटी गावातच होते. दुसरीची तारीख येते 24 ऑक्टोबर, तिसरीची 21 नोव्हेंबर. पण तोवर दसरा होऊन गेलेला असतो, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल घरात खर्चून झालेली असते, आणि मुकादमाचा ट्रॅक्टर वेशीत येऊन उभा राहतो. जुलैत जन्मलेल्या बाळाची तऱ्हा वेगळी. त्याचा गोवराचा डोस येतो एप्रिलात, म्हणजे पट्टा पडायच्या, हंगाम संपायच्या बेतात, जेव्हा टोळी आज इथं तर उद्या तिथं अशी राहिलेला ऊस उरकत फिरत असते.

गावाकडच्या आशाच्या यादीत त्या बाळापुढं 'बाहेरगावी' असा शेरा पडतो. तो खरा असतो, त्यात तिचा दोष नाही. माझ्या ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे डोस द्यायच्या बाळांच्या यादीत मात्र त्या बाळाचं नावच नसतं, कारण ड्यू लिस्ट तयार होते घरोघरच्या सर्व्हेवरून, आणि सर्व्हे झाला तेव्हा त्या जागी उभा ऊस होता. आशाला बाळाचे पहिल्या वर्षाचे सगळे डोस पूर्ण करून घेतल्याबद्दल 100 रुपये मिळतात. अर्धे डोस धारूरला आणि अर्धे आमच्याकडं झालेल्या बाळाचे शंभर रुपये कोणत्या आशाला द्यायचे, यावर आमच्या बैठकीत एकदा अर्धा तास खल झाला होता. निकाल काही लागला नाही. चहा मात्र झाला.

लोक अडाणी आहेत, लसीला घाबरतात, हे मी शहाण्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटलेत. एकतीस वर्षांत फडावर मला 'सुई नको' म्हणून हाकलणाऱ्या आया हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. बीड, पाथर्डी, जामखेड, जतकडच्या या बायकांना लस माहीत असते, तारीख माहीत असते, कार्डही असतं. कार्ड गावाकडं पेटीत, रेशनकार्डाबरोबर, कारण कोपीत पावसानं भिजेल, उंदीर कुरतडतील. मग मी बाळाचा डावा दंड बघायची. बीसीजीचा वण दिसला की एवढं कळायचं की हे बाळ दवाखान्यापर्यंत एकदा तरी पोचलंय. त्यापुढचं आईच्या आठवणीवर. "मांडीत दोनदा दिली बाई, तिसऱ्यांदा द्यायची होती तवर आलो इकडं." ही आठवण बहुतेक वेळा बरोबर निघायची. एकदा तर सीमेपलीकडं, बेळगावकडच्या कारखान्यावर आदला हंगाम काढून आलेल्या बाईनं कानडी कार्ड पुढं केलं. मला अक्षर लागेना. पण तारखांचे आकडे इंग्रजीत होते, त्यांवरून दोन डोसांमधलं अंतर मोजलं आणि राहिलेला डोस दिला. राहिलेल्या ठिकाणाहून पुढं चालू करायचं असतं, पहिल्यापासून परत द्यावं लागत नाही. हे अनेक आयांना कुणी सांगितलेलंच नसतं. एक चुकला म्हणजे सगळंच वाया गेलं असं समजून त्या पुढं येतच नाहीत.

अडचण असते ती वेळेची, आणि ही गोष्ट माझ्याच चुकीतून सांगते.

बारा-चौदा वर्षं झाली असतील. अंगणवाडीत लसीचं सत्र होतं. दुपारचे साडेतीन वाजून गेले होते, मी कॅरिअर आवरत होते. एक बाई धापा टाकत आली. पाचटानं हातावर बारीक बारीक चिरे पडलेले, डोक्याचा फडका तसाच, काखेत दहा महिन्यांचं पोर. फडातून तासभर चालत आली होती. त्या काळी गोवराची कुपी पाच डोसांची असायची. पावडरीत पाणी मिसळलं की चार तासांत वापरायची, नाहीतर टाकून द्यायची. सकाळची कुपी चार तास उलटल्यामुळं बाजूला काढलेली. नवीन फोडली तर एका बाळासाठी चार डोस वाया, आणि महिन्याच्या अहवालात वेस्टेजचा आकडा वर. त्या महिन्यात त्या आकड्यावरून आधीच बोलणी खाल्ली होती. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात ये गं, याच वाराला." ती काही बोलली नाही. पोराच्या तोंडावरून पदर फिरवला आणि गेली.

एका बाळासाठीही कुपी फोडायची असा नियम आहे. तेव्हाही होता, आणि मला माहीत होता.

पुढच्या महिन्यात मी आधी कोप्यांकडं गेले. तिथं चुलीची राख होती, वाळलेलं वाढं होतं आणि एक फुटकी घागर. टोळी दुसऱ्या गटात गेली होती. कोणत्या, ते शेजारच्या शेतकऱ्याला सांगता आलं नाही. तुमच्या गट ऑफिसातल्या मुलाला विचारलं असतं तर त्यानं रजिस्टर न उघडता सांगितलं असतं, पण तिथं जाऊन विचारायचं हे मला त्या वेळी सुचलंच नाही. आमच्या खात्यात कुणालाच सुचत नाही, कारण गट ऑफिस आमच्या आराखड्यात येत नाही. आराखड्यात अंगणवाडी येते, शाळा येते, ग्रामपंचायत येते.

आता तिच्या बाजूनं हिशेब मांडून बघा. पहाटे तीन-चारला उठून फडात. नवरा तोडणार, ही मोळ्या बांधणार आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणार. बाळ बांधावर झोळीत. संध्याकाळी परत, नाहीतर रात्री गाडी भरायला परत बोलावणं. आमचं सत्र दिवसा, सकाळी सुरू होऊन दुपारी उरकणारं. म्हणजे डोस घ्यायचा तर अर्धा दिवस मोडला. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिचा हात थांबला की नवऱ्याचंही काम थांबतं, आणि मग खाडा. खाड्याचे कुठं पाचशे कापतात, कुठं हजार. वर पेंटाव्हॅलंट दिल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, मांडीला गाठ येते, पोर रात्रभर रडतं. तुमच्या-माझ्या घरात पॅरासिटामॉलचे थेंब द्यायचे आणि आजीनं मांडीवर घेऊन बसायचं. तिची सासू असते गावाकडं, थोरल्या पोरांना सांभाळत. तापलेलं बाळ घेऊन पहाटे तीनला थंडीत फडात जायचं, की दुसऱ्या दिवसाचाही खाडा पदरात घ्यायचा? "सिस्टर, पट्टा पडल्यावर गावाकडं घेईन की", असं ती म्हणते तेव्हा ती लस नाकारत नसते. तिच्याकडं दोनच पर्याय असतात, त्यांतला कमी नुकसानीचा ती निवडते.

गावाकडं गेल्यावर काही जणी खरंच घेतात. काहींचं राहतं, कारण तोवर बाळ सव्वा वर्षाचं झालेलं असतं, चालायला लागलेलं असतं, आणि चालत्या-बोलत्या पोराला काय धाड भरलीय असं घरातलं म्हातारं माणूस म्हणतं.

या बाळांची गंमत, म्हणजे वाईट गंमत, अशी की ती मोठ्या आकड्यांतही सापडत नाहीत. एकही डोस न मिळालेल्या बाळांना हल्ली 'झिरो डोस' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगात अशी सुमारे 1 कोटी 43 लाख बाळं होती, भारतात सुमारे 9 लाख. आदल्या वर्षी आपल्याकडं हा आकडा 16 लाख होता. खाली आला, चांगलं झालं, त्यात माझ्यासारख्या हजारो जणींच्या चपला झिजल्यात. पण झिरो डोस ठरवतात ते ट्रिपलचा, म्हणजे आता पेंटाचा, पहिला डोस झाला की नाही यावरून. आपल्या धारूरच्या बाळाचा तो गावातच झालेला आहे. म्हणजे कागदोपत्री ते झिरो डोसमध्ये नाही आणि पूर्ण लसीकरणातही नाही. मधल्यामध्ये लटकलेलं. डांग्या खोकला आणि घटसर्पाला एका डोसानं पुरतं संरक्षण मिळत नाही, आणि गोवराची तर पाटी कोरीच.

2022 चा हंगाम तुम्हांला आठवत असेल, लम्पीमुळं. गाळप सुरू व्हायच्या तोंडावर जनावरांना लम्पी आला आणि सगळ्यांची धावपळ उडाली. आमच्या भागातल्या बैलगाडी तळावर पशुवैद्यकीय खात्याची माणसं आली, त्यांनी ओळीनं बैल उभे केले आणि शेळ्यांच्या देवीची लस टोचली. बैलांच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर बारा आकडी नंबर. कोणता बैल टोचला, कोणता राहिला, याचा हिशेब होता. कारखान्याची माणसं स्वतः उभी होती. मला त्याचं कौतुकच वाटलं, आजही वाटतं. बैल मेला तर त्या कुटुंबाचं सगळं संपतं.

त्याच दोन महिन्यांत मुंबईत गोवंडीला गोवराची साथ सुरू झाली, भिवंडी-मालेगावात पसरली, लहान मुलं दगावली. राज्यभर जादा डोसांची मोहीम निघाली. आम्हीही निघालो. त्याच तळावर गेलो तेव्हा किती बैल आहेत ते तुमच्या माणसानं मला पाठ असल्यासारखं सांगितलं. पाच वर्षांखालची पोरं किती, असं विचारल्यावर तो हसला. "असतील की बाई, हिंडतायत बघा." त्याच्यावर राग नाही. त्याला ते कुणी मोजायला सांगितलंच नव्हतं. तुमच्या हिशेबात एकटा माणूस असला तर अर्धा कोयता लागतो, बाळाला अपूर्णांकही नाही.

गोवर हा मोजून न ठेवलेल्या पोरांतच पसरतो. शंभरांतल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच तो अडतो. तळावर कोपीला कोपी चिकटलेली. एकाला झाला तर डोस न झालेलं शेजारचं पोर क्वचितच सुटतं. आणि ही पोरं हंगामाच्या शेवटी आठ-दहा जिल्ह्यांत परत पांगतात.

ऊसतोडीला दरवर्षी किती माणसं बाहेर पडतात याचाही एक आकडा नाही. आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत अंदाज ऐकलेत. 2021-22 च्या हंगामात राज्यानं 1,320 लाख टन ऊस गाळला, हे मात्र पक्कं सांगता येतं, कारण टन मोजायला प्रत्येक कारखान्याच्या फाटकात काटा आहे. कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. त्या पैशाचं काय होतं तो तुमचा आणि शासनाचा विषय. मी मागते आहे त्याला त्यातला पैसाही लागणार नाही.

मला यादी हवी आहे. पावसाळ्यात तुमचे वाहतूकदार आणि मुकादम यांच्याशी करार होतात, त्यात कोयत्यांची संख्या लिहिता, उचल लिहिता. त्या कागदावर दोन रकाने वाढवा: सोबत येणारी पाच वर्षांखालची मुलं किती, आणि गरोदर बाया किती. हंगाम सुरू झाला की दर आठवड्याला तोडणीच्या प्रोग्रामची एक प्रत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊ द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल. एवढं झालं तर नर्सला टोळी हलायच्या आधी कळेल.

दुसरं, कारखाना क्लिनिंगला थांबतो त्या दिवसाची तारीख आधी कळवा. त्या दिवशी तोड बंद असते, माणसं कोप्यांवर असतात. हंगामात असे तीन-चार दिवस तरी सहज मिळतात, आणि त्यांमधलं अंतर साधारण महिना-दीड महिन्याचं असतं. दोन डोसांमध्ये चार आठवडे लागतात. गणित आपोआप बसतंय, फक्त कुणी जुळवलं नाही. बाकी दिवशी संध्याकाळी सात वाजता तळावर सत्र लावायचं तर ते आरोग्य केंद्राला जमवता येतं. संध्याकाळी लस टिकत नाही वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नका. कॅरिअरमध्ये चार आइसपॅक ठेवायचे. त्याआधी ते बाहेर काढून हलवून बघायचे, आत पाणी खळखळलं की ते घालायचे, नाहीतर पेंटा गोठून फुकट जाते. मग दोन ते आठ अंश तापमान कितीतरी तास राहतं. सकाळी नेण्याऐवजी कॅरिअर दुपारी न्यायचा, एवढंच. पोलिओच्या दिवसांत आम्ही वीटभट्ट्यांवर आणि कोप्यांवर दिवेलागणीला जात होतो. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला, आणि 2014 मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, ते असं हिंडल्यामुळं. तुम्ही तळावर एक बल्ब, एक टेबल आणि पिण्याचं पाणी द्या.

आणि खाडा. बाळाला डोस दिला त्या दिवसाचा आणि दुसऱ्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, असं मुकादमांना तुमच्या लेटरहेडवर कळवा. तुम्ही म्हणाल, ही माणसं आमची नोकर नाहीत, मुकादमाची आहेत, खाडा तो कापतो. कायद्यानं ती कोणाची, हा वाद कोर्टकचेऱ्यांचा, मला त्यात पडायचं नाही. पण मुकादम तुमचं ऐकतो, हे मी तळावर उभी राहून बघितलंय. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली ती तुम्ही आणि संघटना एका टेबलाशी बसलात म्हणूनच. पुढच्या वेळी बसाल तेव्हा हा विषय दहा मिनिटं घ्या.

काही कारखान्यांनी कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा चालवल्या, काहींनी आरोग्य शिबिरं घेतली, हे मला माहीत आहे. शिबिरात मात्र बहुधा रक्तदाब तपासतात, रक्तातली साखर तपासतात आणि फोटो काढतात. लसीसाठी एकदाचं शिबिर उपयोगी नाही. तीच नर्स त्याच बाळाकडं चार आठवड्यांनी परत पोचली पाहिजे. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, आता कोणत्याही गावातल्या नर्सला बाळाचे मागचे डोस मोबाइलवर दिसतात. आम्हांला वण आणि आठवणींवर भागवावं लागायचं, त्या मानानं आजच्या मुलींची सोय झालीय. पण बाळ समोर आलं तरच ते दिसणार.

यंदाचे करार अजून व्हायचेत. कागद छापायला टाकायच्या आधी शेतकी अधिकाऱ्यांना एकदा विचारा. रकाने कसे आखायचे, मुलाचं वय महिन्यात कसं लिहून घ्यायचं, कार्ड नसेल तर आईला कोणते चार प्रश्न विचारायचे, हे चिटबॉयना एका दुपारी शिकवता येतं. बोलावलंत तर मी येईन. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, येण्या-जाण्याचा खर्चही नको.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
कृष्णाकाठ

प्रत माहितीसाठी:
मा. साखर आयुक्त, पुणे
जिल्हा आरोग्य अधिकारी, सर्व जिल्हा परिषदा